सरांच्या कपाटातली कोन्याक

खिल्लारे सर पौर्णिमेला विहारात पुढे बसून पंचशील सांगायचे आणि आम्ही सगळे त्यांच्यामागून म्हणायचो. ते बंद झालं माझ्यामुळे. त्यांचा घसा बसला नव्हता, कोणाशी भांडण झालं नव्हतं. मी एका बैठकीत एक वाक्य बोललो. वाक्य खरं होतं. खरं बोलूनही माणसाला किती खोटं वागता येतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते कबूल करायला मी फार वर्षं लावली.

सर मंगरूळपीरला ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. मी त्यांचा विद्यार्थी, पुढे तिथंच जीवशास्त्राचा शिक्षक झालो. आमची घरंही जवळजवळ, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. स्टाफरूममध्ये ते मला "इंगळे सर" म्हणत आणि फाटकाबाहेर पडलो की लगेच "काय बे मिलिंद".

त्यांची पहिली ओळख म्हणजे त्यांचं नाक. नाक मोठं होतं असं नाही, पण ते सतत कामात असे. नवीन पुस्तक हातात आलं की आधी वास. तेलाचा डबा घेताना बोट बुडवून वास. आमच्या कॉलेजचा माठ धुतलेला नसला की ते पाणी तोंडाला लावायच्या आधी सांगत. एकदा बसमध्ये माझ्या शेजारी बसले असताना म्हणाले, "मागच्या सीटवर कोनीतरी मेथी घेऊन बसलं हाये, पन कालची हाये." मी वळून पाहिलं. एका बाईच्या पिशवीतून मेथीच्या जुड्या डोकावत होत्या, सुकलेल्या. सरांनी वळूनही पाहिलं नव्हतं.

दुसरी ओळख म्हणजे 'उदाहरणार्थ'. हा शब्द उच्चारून ते थांबत, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसत, आणि मग जे उदाहरण येई ते पुस्तकात कधीच नसे. मुलं त्यांना मागून 'उदाहरणार्थ सर' म्हणत. त्यांना ते माहीत होतं. "नाव तर बरं ठेवलं पोट्ट्यांनी," असं मला एकदा समाधानानं म्हणाले.

ब्रँडी आणि कोन्याक हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. ऊर्ध्वपातन शिकवताना, म्हणजे द्रव तापवून त्याची वाफ धरायची आणि ती पुन्हा थंड करायची ती क्रिया शिकवताना, पुस्तकात मिठाच्या पाण्याचं उदाहरण असे. दुपारच्या तासाला मिठाच्या पाण्यावर वर्ग झोपायचा. मग सर फळ्यावर तांब्याचं एक भलंमोठं भांडं काढत. त्याला हंसासारखी वाकलेली लांब मान.

"द्राक्षाचा रस आंबला की त्याची वाइन होते," सर सांगत. वर्गात ते पुस्तकी मराठी बोलत. "वाइन तापवून तिची वाफ धरली की ब्रँडी. ही ब्रँडी जगात कुठेही होऊ शकते. पण फ्रान्समध्ये कोन्याक नावाचं एक गाव आहे. त्या गावाच्या आसपासची ठरावीक द्राक्षं, तांब्याच्या भांड्यात दोनदा धरलेली वाफ, आणि ओकच्या लाकडाच्या पिंपात कमीत कमी दोन वर्षं मुरवणं. एवढं सगळं जुळलं तरच तिला कोन्याक म्हणायचं. म्हणून प्रत्येक कोन्याक ही ब्रँडी असते, पण प्रत्येक ब्रँडी ही कोन्याक नसते. उदाहरणार्थ..." इथे चष्मा पुसणं. "उदाहरणार्थ, संत्रं. संत्रं कुठेही लागतं. पण नागपुरी संत्रं म्हणजे नागपूरकडचं."

मी अकरावीत होतो तेव्हा आमच्या वर्गातली एक मुलगी उभी राहिली. तिच्या वडिलांची संत्र्याची बाग होती. "सर, मंग आमच्या वावरातलं संत्रं व्यापारी नागपुरी म्हनून काहून इकते?"

सर इतके खूश झाले की खडू खाली ठेवला. "तुमचा व्यापारी फ्रान्सात असता तर कोर्टात उभा असता, बाई!"

वर्ग हसला. आणि तो फरक मग आयुष्यभर कोणी विसरला नाही. मी तर नाहीच विसरलो, आणि माझ्या अपराधाचं मूळ तिथंच आहे.

या उदाहरणावरून एकदा तक्रारही आली. दर्ग्याजवळ अत्तराचं दुकान असलेले अक्रमभाई थेट स्टाफरूममध्ये आले. त्यांचा मुलगा घरी जेवताना ब्रँडीवर बोलला होता.

"सर, हमारे बच्चे को दारू सिखा रहे क्या तुम?"

"शिकवतो," सर म्हणाले. "पाजत नाही. बसा."

अक्रमभाई बसले नाहीत. सरांनी विचारलं, "तुमचं गुलाबाचं अत्तर कसं होते, सांगता का?"

"हम बनाते नहीं, बेचते. देग में फूल डालते, नीचे आग, ऊपर से भाप पकडते. कन्नौज में."

"हेच तर शिकवून राह्यलो मी तुमच्या पोराले. भांडं तेच, वाफ तेच. तुमच्यात फुलं हायेत, त्याइच्यात द्राक्षं." मग हळूच, "अन् कन्नौजचं सोडून दुसरीकडचं अत्तर तुमी कन्नौजचं म्हनून इकता का?"

"तौबा! जबान जल जाएगी."

"मंग कोन्याकवाल्याइचं म्हननं तेच हाये."

अक्रमभाई बसले. चहा आला. त्यानंतर दर शुक्रवारी दुपारी सर त्यांच्या दुकानात जाऊन नवीन आलेल्या कुप्यांचा वास घेत आणि एकही विकत न घेता परत येत. "ये आदमी नाक से मुफ्त में खाता है," असं अक्रमभाई गिऱ्हाइकांना सांगत, पण सर आले नाहीत तर माणूस पाठवून चौकशी करत.

स्वतः सरांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. ते पंचशील मानायचे म्हणण्यापेक्षा पंचशीलात राहायचे, असं म्हणणं बरोबर. चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्यापायी त्यांनी आजारपणाची खोटी रजा कधी टाकली नाही. पाचवं शील, मद्य न घेण्याचं, 'सुरामेरयमज्ज', हे सांगताना त्यांच्यातला रसायनवाला गप्प बसत नसे. वंदना संपल्यावर मुलांना समजावत, "सुरा म्हंजे धान्याची, मेरय म्हंजे फुलाफळाची. ब्रँडी असो का कोन्याक असो, पाचव्या शीलात दोघीची खोली एकच."

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. दारूला शिवत नाही अशा घरातही आमच्या भागात ब्रँडीची लहान बाटली असतेच. सर्दी-खोकल्याला, बाळंतिणीला, म्हाताऱ्यांच्या छातीला. ती दारूत मोजत नाहीत, औषधात मोजतात. आमच्या आईनं ती बामच्या डबीशेजारी ठेवलेली असे. माझी मुलगी झाली तेव्हा सर बाळ बघायला आले. आई कोमट पाण्यात चमचाभर ब्रँडी मिसळत होती, माझ्या बायकोसाठी. सरांनी बाटली उचलून नाकाला लावली.

"वयनी, हे ब्रँडी नाही."

"नाव तं तेच लिहेल हाये."

"लिहेल काहीही राह्यते. याच्यात द्राक्ष नावालेच असन. हे उसाच्या मळीची दारू हाये, रंग अन् वास लावेल."

"असू द्या सर. थंडी तं पयते ना?"

"थंडी नाही पयत. मानसाले गुंगी येते अन् त्याले वाटते थंडी पयाली."

आईनं बाटली त्यांच्या हातून काढून घेतली. "तुमी कॉलेजात शिकवा. बाळंतीन माह्यी हाये." सर हसले, बाळाच्या टाळूचा वास घेतला, आणि म्हणाले, "हे मात्र अस्सल हाये." आई ते वाक्य कितीतरी दिवस शेजारणींना सांगत होती.

आता कपाटातल्या बाटलीकडे येतो. रिठदचा प्रशांत नावाचा त्यांचा एक विद्यार्थी शिकून जर्मनीला गेला, रंगाच्या कारखान्यात लागला. सुटीवर आला तेव्हा विमानतळावरून त्यानं सरांसाठी कोन्याकची बाटली आणली. सर पीत नाहीत हे त्याला पक्कं माहीत होतं. पाया पडून म्हणाला, "सर, तुमचं उदाहरण आनलं."

सरांनी दुसऱ्या दिवशी मला घरी बोलावलं. कपाट उघडून, धोतराच्या जुन्या कापडात गुंडाळलेली बाटली काढून खिडकीतल्या उजेडात धरली. गुळाच्या पाकासारखा रंग. लेबलवरची अक्षरं बोटानं दाखवत म्हणाले, "याचा अर्थ, याच्यातली सगळ्यात कोवळी ब्रँडीसुद्धा चार वर्सं पिंपात मुरेल हाये. इतके दिवस फळ्यावर खडूनं काढली बापा, आता घरी आली."

"उघडणार नाही?"

"उदाहरन उघडतं का कोनी? तुलेच दाखवली. कॉलेजात सांगजो नको, पोट्टे पाहाले येतील."

मी नाही सांगितलं. कॉलेजात नाही.

त्या काळात मी प्यायला लागलो होतो. मोठं कारण काही नव्हतं. शेलूबाजारला हायवेवर एक ढाबा होता, तिथं दोन-तीन मित्रांबरोबर शनिवारी बसायचो. विहाराच्या समितीचा मी सचिव होतो. पौर्णिमेला सरांच्या शेजारी पुढे बसायचो, सूचना वाचून दाखवायचो. एका शनिवारी संध्याकाळी सर कारंज्याहून येताना जीप बदलायला शेलूबाजारला उतरले आणि चहासाठी त्याच ढाब्याकडे वळले. माझ्यासमोर ग्लास होता. नाकाच्या माणसासमोर काय लपवणार? ते माझ्याजवळ आले, टेबलावरच्या बाटलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "पानी भरपूर पेजो. अन् गाडी तू चालवू नको." मग बाहेर जाऊन चहा घेतला आणि जीपमध्ये बसून गेले.

एवढंच. नंतर त्या गोष्टीचा त्यांनी कधी उल्लेख केला नाही. आणि त्यांचं ते न बोलणं मला बोचू लागलं. पाचवं शील सांगताना ते क्षणभर थांबले की मला वाटे, माझ्यासाठीच थांबले. ते कोणाशी हसून बोलताना दिसले की वाटे, माझाच विषय असणार. मी त्यांना टाळू लागलो.

मग ती बैठक झाली. रविवारी दुपारी, विहारातच. अध्यक्ष तायडेदादा, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. विषय होता नवीन सतरंज्यांचा. मध्येच गोदामाय बोलल्या. गोदामाय म्हणजे आमच्या वस्तीतलं सगळ्यात जुनं माणूस, त्यांच्या वाक्याला कोणी आडवं जात नसे.

"सतरंज्या मंग आना. पह्यले हे सांगा, पुढं बसनाऱ्याइतलं कोन पेते? शेलूबाजारात पाह्यलं म्हनते लोकाइनं."

पुढे आम्ही दोघंच बसायचो. सर आणि मी.  मला खात्रीच झाली की सर बोलले. ते बोलले नव्हते. ढाब्यावर काय फक्त सरच थांबतात? पण भ्यालेल्या माणसाला एवढा विचार कुठला सुचतो. मी उभा राहिलो.

"माझ्याकडे काय पाहता? सरांच्या कपाटात काय आहे ते विचारा. कोन्याक आहे. फ्रान्सची."

 तायडेदादांनी विचारलं, "ते काय राह्यते?"

हा तो क्षण. मी नुसतं 'ब्रँडी' म्हणालो असतो तर गोष्ट तिथंच संपली असती. तिथं बसलेल्या प्रत्येकाच्या घरी ब्रँडी होती. गोदामायच्या उशाशी होती. 'ब्रँडी ना, मंग काय झालं' म्हणून सगळे पुन्हा सतरंज्यांकडे वळले असते. बैठकीला मुलं नव्हती, सरांच्या वर्गात बसलेलंही दुसरं कोणी नव्हतं; कोन्याक म्हणजे ब्रँडीच, हे त्या खोलीत दोनच माणसांना माहीत होतं. एक सर आणि दुसरा ज्याला त्यांनी शिकवलं तो.

मी म्हणालो, "विदेशी दारू राहते. लय महाग."

तायडेदादा सरांकडे वळले. त्यांचा आवाज नरम होता. "सर, हाये का तुमच्या घरी अशी बाटली?"

"हाये," सर म्हणाले.

"कायले ठेवली मंग?"

"उदाहरन म्हनून."

मागून कोणीतरी हसलं. सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. वर्गात प्रश्न विचारल्यावर ज्याला उत्तर येतं त्या मुलाकडे मास्तर पाहतो, तसं पाहत होते. मी खिडकीबाहेर पाहिलं. शेलूबाजारबद्दल ते तेव्हाही बोलले नाहीत.

पुढच्या पौर्णिमेला सर आले आणि शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसले. त्यांना मागे बसा असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि पुढे या असंही कोणी म्हटलं नाही. त्या दिवसापासून मोबाइलवरची वंदना स्पीकरला जोडून लावायची पद्धत पडली. त्यातला आवाज चांगला होता, कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या माणसाचा. त्याच्यामागून म्हणताना लहान मुलं नेहमी घाई करायची, कारण तो कोणासाठी थांबत नसे.

मी पिणं सोडलं, पण लगेच नाही. सर निवृत्त झाले. रस्त्यात भेटले की "काय बे मिलिंद, पोरगी काय शिकून राह्यली?" विचारत. मी उत्तर देऊन निघून येई. सचिवपद मी काही काळानं सोडलं, तब्येतीचं कारण सांगून. तेही खोटंच.

गेल्या हिवाळ्यात आईची छाती भरली. डॉक्टरांचं औषध चालूच होतं, तरी तिनं तिची बाटली मागितली. मी चमच्यात ओतत असताना ती म्हणाली, "सर म्हनत हे ब्रँडीच नाही म्हून." मग, "त्याइच्या कपाटात होती ते कायची होती रे?"

"ब्रँडीच होती, माय. चांगल्यातली."

 "मंग तू त्या दिवशी सांगलं काहून नाही?"

मी चमचा तिच्या तोंडाशी नेला तर तिनं मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांकडे गेलो. ते अंगणात खुर्चीवर बसून धणे पाखडायचं सूप नाकाशी धरून होते. मी समोर बसलो. "सर, त्या बैठकीचं बोलायचं होतं."

"बोल."

मी सगळं सांगितलं. शेलूबाजार, भीती, आणि 'कोन्याक' हा शब्द जाणूनबुजून वापरला तेही. मग हात जोडले आणि पुढचं बोलणार तोच त्यांनी सूप माझ्या हातात दिलं.

"माह्यापाशी कायले सांगून राह्यला? मले तं पह्यलेपासून माहीत हाये. ज्याइले माहीत नाही त्याइले सांग."

सूप मांडीवर ठेवत मी विचारलं, "ती बाटली?"

"बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी नालीत ओतली. घरात ठेवून लोकाइच्या मनात कायले शंका ठेवा? पन ओतायच्या आंधी वास घेतला बे. वासाचं काही शील नाही."

"कसा होता?"

सरांनी डोळे मिटले. "मनुका. जुनी लाकडाची पेटी उघडल्यावानी. अन् शेवटी फुलावानी काहीतरी, पन कोनतं फूल ते अजून भी नाही समजलं. इतके दिवस शिकवलं, पन हे मले सांगताच आलं नसतं पोराइले." त्यांचा चेहरा क्षणभर इतका आनंदी झाला की मला तिथं बसवेना.

त्यानंतरच्या पौर्णिमेला विहारात स्पीकर लावायला एक तरुण उठला, त्याला मी थांबवलं. पुढे जाऊन उभा राहिलो.  म्हणालो, शेलूबाजारला पिणारा मी होतो. सरांच्या कपाटात होती ती ब्रँडी होती, तुमच्या-आमच्या घरी असते ती. फक्त फ्रान्सच्या एका गावची, म्हणून तिचं नाव वेगळं. ती बाटली त्यांच्या विद्यार्थ्यानं आणली होती, आणि सरांनी ती कधी तोंडाला लावली नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं.

गोदामाय आता खुर्चीवर बसतात, ऐकू कमी येतं. त्यांनी शेजारणीला मोठ्यानं विचारलं, "काय म्हनते हा?" शेजारणीनं कानात सांगितलं. गोदामायनं माझ्याकडे पाहिलं. "ब्रँडीच व्हती? अन् तू आमाले इतके दिवस मशीनच्या मांगं म्हनाले लावलं?"

कोणी हसलं नाही. तायडेदादा वळून म्हणाले, "सर, या. पुढं या."

"गुडघे नाही वाकत आता, दादा," मागून सर म्हणाले. "इथूनच म्हनतो."

आणि भिंतीजवळून त्यांचा आवाज आला. थकलेला, थोडा फाटलेला. प्रत्येक शील सांगून ते थांबत, सगळ्यात लहान मुलाचं म्हणून होईपर्यंत थांबत, मग पुढचं. पाचवं आलं. कितीतरी वर्षांनी मी ते अर्ध्यावर न गिळता पूर्ण म्हटलं.

वंदना संपल्यावर माणसं त्यांच्याभोवती जमली. मी दाराजवळ थांबलो. सर भिंतीला धरून बाहेर आले. एका पायात चप्पल चढवली होती, दुसरी पायानं चाचपत होते. मी वाकून ती त्यांच्या पायाशी सरकवली आणि तसाच वाकलेला राहिलो.

"सर, मी भ्यालो आणि तुमचं नाव पुढे केलं. तुम्ही शिकवलेलंच तुमच्यावर वापरलं. माझं चुकलं. मला माफ करा."